गळ्यात पट्टा होता

माझ्या नवऱ्यालाही हे ठाऊक नाही. बहिणीला सांगावं असं कितीदा वाटलं, पण प्रत्येक वेळी जिभेवर आलेलं गिळून टाकलं. आज तुम्हाला सांगते आहे — का, ते नीट सांगता येणार नाही. तुम्ही मामाजींना ओळखत नव्हता, म्हणून असेल.

मामाजी म्हणजे माझे सासरे. मोहाडीहून थोडं आत आमचं गाव, धानाची शेती. सासूबाई गेल्यावर मामाजी फारसं कोणाशी बोलेनासे झाले. बोलायचे ते बंड्याशी. बदामी रंगाचा, एक कान कायम दुमडलेला गावठी कुत्रा. पिलू होता तेव्हा सासूबाईंनीच त्याला पदरात गुंडाळून घरी आणला होता. मामाजी शेतावर निघाले की तो पुढे, परतले की तो मागे. जेवायला बसले की पहिला प्रश्न ठरलेला — "सुनबाई, बंड्यानं खाल्लं का?"

मी खाल्लं का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. — बघा, आत्ताच कारणं द्यायला लागले. तसं नको.

गावात एका लहान मुलीला मोकाट कुत्रं चावलं. लोक चिडले. कुत्री पकडणारी माणसं बाहेरून बोलवायचं ठरलं आणि भोंग्यावरून सांगितलं गेलं — पाळलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा ठेवा, बिनपट्ट्याचं कुत्रं गाडीत जाईल. मामाजी लगेच मोहाडीच्या बाजारात गेले. लाल पट्टा आणला. किल्लीच्या छल्ल्यांवर नाव कोरून देणारा एक जण तिथे बसतो, त्याच्याकडून पितळी बिल्ल्यावर आपला मोबाइल नंबर कोरून घेतला. नंबराखाली 'बंड्या'. त्या संध्याकाळी ओसरीत बसून ते कितीतरी वेळ तो बिल्ला खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसत होते.

पट्टा रेक्झिनचा, कडक होता. आणि घट्ट. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत, हे मला आता कळतं. तेव्हा तिथे माझं एक बोटही जात नव्हतं. बंड्याची मान सोलवटली, माश्या बसायला लागल्या. धानाची कापणी चालू होती. मामाजींनी त्या दिवशी त्याला घरीच ठेवलं आणि जाताना मला म्हणाले, "सुनबाई, खिळा तपवून आणखी एक भोक पाडजो. जरा ढिला होईल. पण लगेच बांध बरं, गाडी कवाबी येईल."

मी पट्टा काढला. जखमेला हळद-तेल लावलं. चुलीत खिळा ठेवायला आत गेले, तेवढ्यात बंड्या अंगणातून बाहेर पडला. फाटक मीच उघडं ठेवलं होतं. इथपर्यंत ती चूक होती — फक्त चूक. इथेच संपलं असतं तर मी केव्हाच सांगून मोकळी झाले असते.

कुत्र्यांचं केकाटणं ऐकू आलं तशी मी पट्टा हातात घेऊन दाराशी धावले. गल्लीच्या तोंडाशी जाळीची गाडी उभी होती. एका माणसानं बंड्याला फासात धरलं होतं. बंड्या ना ओरडत होता, ना चावायला जात होता. मला पाहून त्यानं शेपूट हलवली. त्या माणसालाही शंका आली असावी.

"बाई, हा तुमचा होय का? पाळलेला दिसून राहिला."

मी पट्टा पाठीमागे धरला.

"नाही," म्हणाले. "आमचा नाही."

का म्हणाले? आदल्या दिवशी मी तापानं फणफणत होते. घरात कोणी विचारलं नाही. मामाजींनी मात्र बंड्यासाठी दूध गरम करून मागितलं, आणि मी तशीच उठून ते दिलं. एवढंच. एका वाटी दुधाचा राग. त्या माणसासमोर क्षणभर वाटलं — जाऊ दे, सुटेन. आणि खरं सांगते, क्षणभर बरंही वाटलं. मग गाडी वळली. आमचा रस्ता खड्ड्यांचा, गाडी हळूहळू जात होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही.

गल्लीत पाहणारं कोणी नव्हतं, सगळे कापणीला गेलेले. मी बोडीवर, गावच्या लहान तळ्यावर, जाऊन पट्टा पाण्यात फेकला. बिल्ल्याच्या वजनानं तो लगेच बुडाला.

संध्याकाळी मामाजींनी घरभर, गावभर हाका मारल्या. मग माझ्याकडे आले. "पट्टा होता ना गळ्यात?"

"हो," मी म्हणाले. "हळद लावली, भोक पाडून लगेच बांधला होता."

आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. हे तुम्हाला कसं समजावू? माझा नवरा गाडीवाल्यांचा पत्ता काढायला निघाला होता. मामाजींनीच त्याला थांबवलं. "तिकडं कायले जातं? पट्टा असल्यावर ते नेत नाहीत. भटकला असंल कुठं. नंबर हाये गळ्यात, कोणी ना कोणी फोन करंल." त्यांचा विश्वास बंड्याच्या बिल्ल्यावर नव्हता, माझ्या शब्दावर होता. त्या शब्दावर ते घरात बसून राहिले. पकडलेली कुत्री लांब जंगलात सोडून दिली, असं पुढे कानावर आलं. मामाजींनी ते ऐकलं आणि दुसऱ्यांच्या कुत्र्यांसाठी हळहळले.

शेतात रेंज मिळत नाही, म्हणून ते शेतात जाईनासे झाले. कापणी झाली, मळणी झाली. ते ओसरीत फोन मांडीवर घेऊन बसलेले. अनोळखी नंबर आला की उठून उभे राहायचे. कर्ज हवं का विचारणाऱ्या एका मुलीला त्यांनी बंड्याचा रंग, दुमडलेला कान, मानेवरची जखम, सगळं सांगितलं होतं. तिनं फोन ठेवून दिला, तरी ते बोलत होते. मी आत पोळ्या लाटत होते. मी लाटणं थांबवलं नाही.

सांगायची संधी नव्हती असं नाही. रोज होती. पण जितके दिवस गेले तितकं ते जड झालं, आणि मग मी ते सवयीनं बाजूला सारायला शिकले.

पुढच्या थंडीत मामाजींनी अंथरूण धरलं. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे — माझ्या सुनेनं जखमेला हळद लावली, पट्टा ढिला करून बांधला, तिच्याकडून काही कमी पडलं नाही. शेवटच्या आठवड्यात मी त्यांना पेज भरवत होते आणि मला रडू आलं. त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तू काहून रडून राहिली?" म्हणाले. "तू तर नीट बांधला होता." आणि मग — "तू खाल्लं का?"

मी "हो" म्हणाले. खाल्लं नव्हतं. त्यांचं तोंड पुसलं आणि वाटी घेऊन आत गेले.