आठव्या लाइनवरची शीळ

आमच्या धाकटीला लहानपणी एका जागी बसलेलं कोणी पाहिलं नाही. आता कॉलेजच्या संगणक विभागात सहा महिन्यांच्या बोलीवर लागलीय, तर दिवसभर एका युनिक्सच्या यंत्रासमोर खिळलेली असते. प्राध्यापकांना घरून फोन लावून कॉलेजच्या नेटवर्कमध्ये शिरता यावं, अशी सोय ती करत होती. फोन वाजला की मोडेमनं उचलायचा, यंत्रानं नाव आणि पासवर्ड विचारायचा, जुळलं तर आत घ्यायचं. शुक्रवारी साहेब स्वतः घरून लावून बघणार होते. जमलं नाही तर काम बाहेरच्या कंपनीला आणि ही घरी.

सोमवारपासून तिला अन्न गोड लागेना. आठ मोडेम, आठ लाइन. सगळं सुरळीत चालायचं आणि दुपारी एकच्या सुमारास आठवी लाइन अडकायची. मग कोणीही लावा, एंगेज. हिनं वायर बदलली, मोडेम बदलला, सेटिंगच्या फायली वाचून डोळे लाल करून घेतले.

"रोज एकलाच कसं?" बुधवारी जेवताना ती म्हणाली.

"जेवायला जात असेल," हे म्हणाले.

"बाबा, गप्प बसा हो."

माझा घास हातातच राहिला. "आठवी लाइन म्हणजे कुठली गं?"

"सातच मिळाल्या ना. आठवी म्हणून माझ्या टेबलावरचा फोन काढून त्याचीच लाइन जोडली."

आता सांगणं भाग होतं. ऑफिसात फोन करायचा नाही, मी काय बालवाडीत आहे का, असं तिनं मला बजावलं होतं. म्हणून मी बोलत नसे. एकला फोन लावायचा, तिचं 'हॅलो' ऐकायचं, ठेवून द्यायचा. जेवली की नाही ते मला आवाजावरून कळतं. सोमवारपासून मात्र हॅलोऐवजी कर्कश शीळ यायला लागली. फोन बिघडला असेल, असं मी धरून चालले आणि रोज लावतच राहिले.

"म्हणजे ते न बोलणारे फोन तुझे होते," धाकटी म्हणाली.

"काखेत कळसा," म्हणत ह्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

धाकटी ताटावरून उठली. मला वाटलं, आता दार आपटणार. तर ती वही घेऊन आली आणि चित्र काढून दाखवायला लागली. मी मोडेमची शीळ ऐकून फोन ठेवते, पण पलीकडे यंत्र नावाची वाट बघत बसतं, लाइन सोडतच नाही. "कोणाचाही राँग नंबर लागला तरी हेच होणार. उद्या एकला फोन कर. ठेव. दोन मिनिटांनी परत कर."

गुरुवारी सकाळी तिनं यंत्राला शिकवलं, मिनिटभरात उत्तर आलं नाही तर लाइन तोडायची. एकला मी फोन लावला. शीळ. ठेवला. दोन मिनिटं घड्याळासमोर उभी राहिले. परत लावला. एंगेज नाही, तीच शीळ, कान किटवणारी. मी खुर्चीत बसले.

शुक्रवारी एक वाजला. हात सारखा फोनकडे जात होता, म्हणून मी पुसलेलाच ओटा पुसत राहिले. एक दहाला घंटी वाजली.

"आई, साहेब आत आले. आठवीवरूनच."

"जेवलीस?"

"हो."

खोटं. आवाजावरून कळतं.