काटवलाची जागा

माझे यजमान तामसीजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. सारं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, म्हणून मीही गुरुजीच म्हणायचे. शाळा सुटली की घरी येत, पण चहा संपेपर्यंतच. मग लेकीला सायकलच्या नळीवर बसवून बांधाबांधाने फिरायचे, टेंभरं पाडून खाऊ घालायचे, पाखरांची घरटी लांबूनच दाखवायचे. पोरगी आजारी पडली तर मात्र हाच माणूस तीन-तीन दिवस उंबरा ओलांडायचा नाही. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसायचा.

मी पक्की घरकोंबडी. चिखल, काटे, गोचिड्या यांचं मला कधी कौतुक वाटलं नाही.

श्रावणात ते काटवल आणायचे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, काटवल म्हणजे कारल्याची धाकटी बहीण. गोलसर, अंगावर मऊ काटे, पण कडू नाही. रानात त्याचा कंद जमिनीत राहतो आणि दरवर्षी त्याच ठिकाणी वेल निघतो. म्हणून आमच्याकडे ती जागा कोणी कोणाला सांगत नाही, सख्ख्या भावालाही नाही. गुरुजींना त्यांच्या वडिलांनी दाखवली होती. एरवी गावभर गप्पा हाणणारा माणूस त्या दिवशी पिशवी शर्टात कोंबून भलत्याच वाटेने निघायचा. येताना पिशवीत वरून पळसाची पानं. मला हसू यायचं.

"चोरी करून आल्यावानी काऊन येऊन राह्यले?"

"तू चाल ना व एक डाव. दाखवून ठेवतो. मी काय जल्मभर पुरनार हाव?"

"तुमी आनताच ना. मंग मले काऊन चिखलात नेता?"

हे आमचं दरसालचं बोलणं. शेवटच्या वर्षी तर त्यांनी माझ्या मापाचे रबरी बूट आणून ठेवले. मी म्हटलं, पुढच्या वर्षी पाहू.

पुढच्या होळीआधीच त्यांच्या छातीत कळ आली. आदिलाबादच्या दवाखान्यापर्यंतही आम्ही पोचलो नाही. ते गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मग सगळे आपापल्या गावी गेले, लेक हैदराबादला सासरी गेली. रिकामं घर खायला उठतं म्हणतात, ते मी रोज अनुभवत होते. एकटीसाठी चूल पेटवायचाही कंटाळा यायचा.

श्रावणात लेकीने फोनवर विचारलं, "आई, काटवल निघाले असतील ना? जागा तुला माहीत आहे ना?"

"नाही व."

"बाबांनी तुलापण नाही सांगितली?"

मी म्हटलं, "नाही सांगितली." ती नाराज झाली. म्हणाली, बाबा असं कसं करू शकतात. मी फोन ठेवून दिला.

त्यानंतर मला चैन पडेना. सासऱ्यांनी लेकाला दिलेली जागा माझ्या आळसापायी बुडणार होती. मी बूट चढवले आणि निघाले. नाल्याच्या पल्याड, मोहाच्या दोन झाडांमधून, एवढंच भाजी निवडता निवडता कधीतरी अर्ध्या कानाने ऐकलेलं. दोन दिवस नुसते काटे टोचून घेतले. तिसऱ्या दिवशी एका बोरीवर चढलेला वेल दिसला, त्याला पिवळी फुलं. मी तिथेच ओल्या मातीत बसून रडले. मग रोज जाऊ लागले, तेही भलत्या वाटेने, पिशवी पदराखाली दडवून. फार दिवसांनी मला कुठेतरी जायचं होतं. पण फुलं येत आणि गळून जात. पंधरा दिवसांत एकही फळ धरलं नाही.

शेवटी आठवडी बाजारात काटवल विकायला बसलेल्या एका म्हाताऱ्या गोंड बाईला मी विचारलं. ती हसली.

"नर वेल हाय थो, बाई. त्याले फळ नाही लागत. लोकं त्याले पाहून पुढं जाते."

"मंग मादी वेल कोटी असन?"

"थे कोन सांगते व? घरचं मानूसच घरच्याले दाखवते. तुह्या घरी दाखवनारं कोनी नोतं काय?"

मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. नाही म्हणून टाकणं सोपं होतं, लेकीला तेच तर सांगितलं होतं.

"होतं," मी म्हटलं. "दरसाल चाल म्हने. मीच नाही गेली."

तिने हातातला तराजू खाली ठेवला. मी पिशवी तशीच रिकामी घेऊन बाजाराच्या कडेला आले, आणि लेकीला फोन लावला.