थंडीत काम करणारं यीस्ट

"घाई कोणाला आहे?" असं म्हणून काका चष्मा काढायचे आणि रुमालाने पुसायला घ्यायचे. तो पुसून होईपर्यंत समोरच्याची घाई एकतर संपायची, नाहीतर दुप्पट व्हायची. माझी दुप्पट व्हायची.

ब्रिस्टलला ते आमच्याच रस्त्यावर दोन घरं सोडून राहायचे. मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामावर आलेला एकटा जीव, आणि ते तीस वर्षं तिथे मुरलेले. विमानाचे सुटे भाग तपासायची त्यांची नोकरी. त्यांची सही झाल्याशिवाय भाग कारखान्याबाहेर पडत नसे, आणि सही ते सहजासहजी करत नसत. घरीही तोच खाक्या. काकूंचा शिरा असो की मी भरलेला कौन्सिल टॅक्सचा फॉर्म, आधी तपासणी, मग पसंती. पसंती क्वचितच.

अशा माणसाने गॅरेजमध्ये बिअर करायला घेतली यात तसं नवल नव्हतं. तिकडे गल्लोगल्ली लोक बादल्या मांडून बसलेले असतात. नवल एवढंच, की काका दारूच्या थेंबाला शिवत नसत. ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत ऑरेंज ज्यूसचा ग्लास धरून भिंतीला टेकून उभे राहायचे.

"मग करताय कशाला?" मी विचारलं.

"तू आहेस ना चव बघायला."

खरं कारण मला काकूंनी सांगितलं. त्यांचा मुलगा ग्लासगोला डॉक्टर होता. तीन वर्षांपूर्वी डिग्री मिळाली त्या दिवशी तिघं जेवायला गेले आणि त्याने लागर मागवली, फिकट सोनेरी बिअर. काका म्हणाले, "तो ग्लास तोंडाला लावलास तर माझ्या घरात पाऊल ठेवू नकोस." मुलाने त्यांच्याकडे बघत बघत ग्लास संपवला. हट्ट बापाचाच घेतलेला. त्यानंतर त्याने घरात पाऊल ठेवलं नाही. काकांना शब्द मागे घेता येईना, आणि त्याला बोलावल्याशिवाय येता येईना. आता ईस्टरला तो एका मित्राच्या लग्नासाठी ब्रिस्टलला येणार होता. आईला फोनवर म्हणाला होता, "मी एक तास येईन. बाबा काही बोलले तर मी निघणार."

म्हणजे ती बादली ही काकांची माफी होती. तोंडाने मागता येत नव्हती म्हणून अशी आंबवून मागायची.

जानेवारीअखेरीस एका शनिवारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर यीस्टची तीन पाकिटं मांडली आणि मला बोलावलं. पहिलं माल्टच्या डब्याबरोबर फुकट आलेलं. ते त्यांनी बोटाने बाजूला सारलं. दुसरं एल नावाच्या इंग्रजी बिअरचं, घरातल्या उबेत आठवड्याभरात काम उरकणारं. दुकानदाराने तेच घ्या म्हणून सांगितलं होतं. "नोबडी विल नो, मेट," असंही वर म्हणाला होता. तिसरं खऱ्या लागरचं. त्याला दहाएक अंशांची थंडी लागते, आणि त्यानंतर आणखी गारठ्यात कित्येक आठवडे मुरत ठेवावं लागतं.

"काळ्या बिअरमध्ये शंभर चुका लपतात," काका म्हणाले. "ही हलकी लागर म्हणजे साधं वरण. जरा लागलं की पहिल्या घासाला कळतं."

त्यांनी ईस्टरपासून उलटे दिवस मोजले. ईस्टर त्या वर्षी लवकर होता. बरोबर आठ आठवडे हातात होते, आणि आठच लागणार होते. त्यांनी तिसरं पाकीट फोडलं.

सोमवारी त्यांना कामासाठी फ्रान्सला जावं लागलं, तब्बल तीन आठवडे. जाताना थर्मामीटर माझ्या हातात देऊन म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ बघायचं. हात लावायचा नाही."

आता पुढचं सांगताना मला अजून शरम वाटते.

मंगळवारी काकूंनी मला गॅरेजमध्ये नेलं. बादली गार, एक बुडबुडा नाही. "अरे, मेलं बहुतेक गारठून," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "काकू, थंडीतच ठेवायचं म्हणालेत." त्या म्हणाल्या, "विरजण कधी कोणी थंडीत लावलंय का?"

मी पुण्याचा. थंडीत माझी आई विरजणाचं पातेलं शालीत गुंडाळून ठेवते. मला लगेच पटलं. ती जडशीळ बादली मीच उचलली, जिना चढलो आणि वरच्या एअरिंग कपबर्डमध्ये, म्हणजे कपडे सुकवायच्या उबदार कपाटात, गरम पाण्याच्या टाकीशेजारी ठेवली. काकू तिथेच टॉवेलखाली दही लावायच्या. संध्याकाळपर्यंत बादली बुडबुडायला लागली. आम्ही दोघं तिच्यासमोर उभे राहून हसत होतो, बाळ रडलं म्हणून हसतात तसे.

काका परतले आणि जिन्यातच थबकले. वरून पिकल्या केळ्यांचा वास येत होता, आणि त्याच्यामागून नेलपॉलिशचा.

"कोणी हलवली?"

"मी," मी म्हटलं.

"मी सांगितलं त्याला," काकू म्हणाल्या.

काकांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "तुला कोणी विचारलं होतं? सतरा वेळा सांगितलं, हे यीस्ट थंडीत काम करतं!"

"एकाला ठेवलंत ना तीन वर्षं थंडीत," काकू म्हणाल्या. "काय काम झालं?"

काका जिन्याच्या पायरीवर बसले. मी चपला घालून घरी आलो. त्यांचं ते बसणं मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी बादली सिंकमध्ये ओतली आणि मला घेऊन पुन्हा त्या दुकानात गेले. ईस्टरला पाच आठवडे उरले होते. मी अक्षरशः गयावया केली. "काका, एलचं घ्या. वेळेत होईल. त्याला कळणारसुद्धा नाही."

त्यांनी एलचं पाकीट हातात घेतलं. बराच वेळ धरून ठेवलं. मला वाटलं, सुटलो.

"त्यालाच देताना खोटं देऊ?" ते म्हणाले, आणि पाकीट ठेवून दिलं. लागरचंच घेतलं. मला इतका राग आला की परतीच्या बसमध्ये मी त्यांच्याशी बोललो नाही. असल्या खरेपणाला काय चाटायचंय!

ईस्टरच्या रविवारी दुपारी तो आला. बापासारखंच नाक, बापासारखंच न हसणं. कोट काढला नाही. मला काकांनी मुद्दाम बोलावून बसवलं होतं, त्यामुळे आम्ही चौघं चहा पीत हवामानावर बोललो. काकू शंकरपाळ्यांची ताटली त्याच्यापुढे सरकवत होत्या, पुन्हा सरकवत होत्या. त्याने दोनदा घड्याळ बघितलं. मग काका उठले आणि म्हणाले, "गॅरेजमध्ये ये जरा."

आम्हीही मागोमाग गेलो. काकांनी बादलीवरचं ब्लँकेट काढलं.

"हे काय आहे?"

"लागर."

"बाबा, यू डोन्ट इव्हन ड्रिंक. हे कोणासाठी आहे?"

काकांचा हात चष्म्याकडे गेला आणि खाली आला. "तुझ्यासाठी. त्या दिवशी मी बोललो, ते चुकलं माझं. खूप चुकलं."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मुलाने खाली वाकून बादलीला हात लावला, बर्फासारखी गार होती. मग अवघडल्यासारखा म्हणाला, "थोडा द्या ना मला. टेस्ट करतो."

"नाही," काका म्हणाले. "अजून तयार नाही."

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. तीन वर्षांनी पोरगा स्वतः मागतोय, आणि ह्या माणसाची सही होत नाही! मुलाचा चेहरा ताठ झाला. काकू माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मी काही करू शकत होतो.

"किती टाइम लागणार?" त्याने विचारलं.

"तीन आठवडे."

त्याने कोटाची बटणं लावायला घेतली. सावकाश, वरपासून खालपर्यंत सगळी लावली.

"ओके," तो म्हणाला. "मग तीन आठवड्याने येतो मी."

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते डोळ्यांसमोर येतात ते त्या तीन आठवड्यांनंतरच्या रविवारचे. मी सकाळपासून दाढी करून, चांगला शर्ट घालून तयार होतो. चव बघायचं काम माझं होतं ना. दुपारी माझ्या वरच्या खिडकीतून दिसलं, त्यांच्या गॅरेजचं दार उघडं होतं आणि उन्हात दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. मुलाच्या हातात सोनेरी ग्लास होता. शेजारी काका हात गुडघ्यांवर ठेवून, परीक्षेच्या निकालाला बसावं तसे बसले होते. मुलगा प्यायला. काहीतरी म्हणाला. काकांनी मान खाली घातली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते की रडत होते, ते एवढ्या लांबून मला कळलं नाही.

मला कोणी बोलावलं नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघितली, आणि मग शर्ट बदलून टाकला.