चंचीतले दात

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही काष्टीला होतो. शेजारच्या पेन्शनर गृहस्थांच्या चंचीत पानसुपारी नसे, दात असत. मद्रासकडे सिमेंटच्या कारखान्यात नोकरीला असताना तिथल्या चुनखडीच्या खाणीत त्यांनी ते वेचले होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात पोहणाऱ्या अजस्र सरड्यांचे, तपकिरी, दगड झालेले दात.

गावात विहिरी खोल करणं चालू होतं. हे गृहस्थ रोज तिथं जाऊन वर आलेला मुरूम काठीनं उकरत.

"आपल्या लाव्हाच्या काळ्या दगडात असले दात कुठले सापडणार?" मी विचारी.

"न्हाई सापडनार. पन हात ऐकत न्हाई."

तान्ह्याच्या गळ्यात असा दात बांधला की त्याला दात सुखानं येतात, अशी बायकांची समजूत. त्या मागायला आल्या की ते भडकत. "ताईत हाय का ह्यो? डाक्टरकडं न्या लेकराला!"

आमच्या मुलीला दात येऊ लागले, तेव्हा ती सारखी रडे. एका सकाळी ते आले. चंचीतला सगळ्यात मोठा दात सोनाराकडून चांदीत बसवून आणला होता.

"भोक पाडू दिलं न्हाई. गुन येतो म्हनून देत न्हाई, रडनं ऐकवत न्हाई म्हनून देतोय. दात आलं की परत द्या."

दात आले. पोरीला कडेवर घेऊन मी परत द्यायला गेलो. माझ्या हातातल्या दाताकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. खिशातून भिंग काढलं, पोरीचा ओठ अलगद खाली केला आणि ते दोन पांढरे ठिपके कितीतरी वेळ न्याहाळत राहिले.

"राहू द्या तिच्यापाशी," ते म्हणाले. "माझ्याकडं त्याला समदी मेल्यालीच सोबत हुती."