गंगाक्काची नजर

"साहेब, खिडकीबाहेरून हिला कोणीतरी खुणा करतंय," समोरचे वकील उठून म्हणाले. "हिचे डोळे बघा कुठे आहेत."

गोष्ट इंग्रजांच्या अमलातली. बेळगावच्या कोर्टात मी नवीन होतो. पिंजऱ्यात माझी पक्षकार उभी होती: बेळगुंदीची गंगाक्का, साठीची विधवा. शेजाऱ्याने विहिरीची वाट माती आणि काटे टाकून बुजवली होती. तिथे वाट कधी नव्हतीच, असं त्याचं म्हणणं. गंगाक्का पाण्यासाठी लांब ओढ्यावर जात होती. कागद एकही नव्हता. वहिवाट, म्हणजे वर्षानुवर्षांचा वापर, सिद्ध करायला फक्त तिची आठवण.

शिपाई बाहेर पाहून आला. कोणी नव्हतं. तरी मी घाबरलो आणि तिला दटावलं, "आक्का, साहेबांकडं बघून सांगा."

तिने जज्जसाहेबांकडे बघितलं आणि ती अडखळली. "चिंचंपासनं... मग..."

"विसरलात का, बाई?" साहेबांनी विचारलं.

"न्हाय साहेब. तुमच्याकडं बघितलं की वाट दिसंना झालीया."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी खिडकी लावायला सांगितली आणि तिला कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

मी बाजूलाच होतो. "चिंचंपासनं डावीकडं वळायचं." नजर डावीकडे गेली. "मग सात पायऱ्या." नजर थांबत थांबत खाली. "पाचवी डुगडुगती. डोईवर घागर असली की तिच्यावर पाय द्यायचा न्हाय."

"आता विहिरीपासून वर या," समोरचे वकील म्हणाले. पढवलेली साक्ष उलटी सांगता येत नाही. डाव चांगला होता.

तिचे डोळे खाली गेले आणि वर चढू लागले. "एक. दोन. तिसरी डुगडुगती."

मी बोटांवर मोजलं. बरोबर होतं.

साहेबांनी कमिशनर नेमला, म्हणजे कोर्टातर्फे जागा बघून रिपोर्ट देणारा माणूस. काटे उपसले, माती काढली. सात पायऱ्या निघाल्या. वरून पाचवीवर कमिशनर पडता पडता वाचले.

निकाल आमच्या बाजूने लागला. तिची साक्ष मीच बिघडवत होतो, हे गंगाक्काने कधी बोलून दाखवलं नाही.

खोटं बोलणाऱ्याची नजर कुठे जाते, हे इतकी वर्षं वकिली करूनही मला नक्की सांगता येणार नाही. आठवणाऱ्याची मात्र त्या जागेवरून फिरत असते. वकिलाने मध्ये उभं राहू नये.