दादाचं राहिलेलं गणित

कावळ्याला गणित कळतं का? भटजींना विचारलं, ते घाईत होते. चुलत्यांना विचारलं, त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. आता तुम्हाला काय सांगू, आठवीत शाळा सोडलेल्या माणसाच्या गळ्यात चंद्र कसा पडला ते!

माझा दादा सांगलीच्या कॉलेजात संशोधन करायचा. चंद्रावर यान कमीत कमी इंधनात उतरवायचं, तर इंजिन कधी बंद ठेवायचं आणि कधी लावायचं, हे त्याचं गणित. मागच्या महिन्यात तापाचं निमित्त झालं आणि दादा गेला. त्याच्या चपला अजून दारातच आहेत. कुणी हलवत नाही.

दहाव्याला रहिमतपूरजवळ नदीकाठी पिंड ठेवला. झाडावर कावळेच कावळे, पण शिवायला एक तयार नाही. म्हणजे दादाची काहीतरी इच्छा राहिलेली. चुलत्यांनी आईला सांभाळायचा शब्द दिला. आईनं वेळेवर जेवायचं कबूल केलं. कावळे ढिम्म. ऊन चढलं, आई रडायला लागली. मला बघवेना. उठलो आणि बोलून गेलो, "दादा, तुझं राहिलेलं गणित मी पुरं करतो."

झपकन कावळा आला आणि पिंडाला शिवला!

सगळं गाव साक्षीला. चुलते हळूच म्हणाले, "आरं, तुला पाढं तरी येत्यात का?"

त्या दिवसापासून चहाच्या टपरीवर सगळे विचारायचे, चंद्र कुठवर आला? ती थट्टा चालली असती. पण आई खरंच विचारायची, कवा करतूयास? गणित होईस्तोवर दादा अडकलाय, असं तिच्या मनानं घेतलेलं.

शेवटी सांगली गाठली. दादाच्या सरांना म्हणालो, "जेवढं राहिलंय तेवढंच द्या सर. जादा नको."

सर हसले नाहीत. गणित दादानंच संपवलेलं होतं, कॉम्प्युटरवर शेवटचं एकदा चालवून बघायचं राहिलेलं. सरांनी मला दादाच्या खुर्चीत बसवून बटण दाबायला लावलं.

पडद्यावरचं यान निघालं ते थेट खाली. इंजिन बंद. जमीन जवळ आली, तरी बंदच!

"सर, पडतंय हो."

"पडू दे. इंजिन लावायची वेळ तुझ्या दादानं काढलीय."

मला कसला दम निघतोय? हाताला येईल ते बटण दाबलं. पडदा काळा.

सरांनी शांतपणे चष्मा पुसला. "आता पुन्हा पहिल्यापासून. आणि या खेपेला मदत नको."

दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. यान पडत राहिलं. अगदी खाली आल्यावर इंजिन पेटलं आणि यान अलगद टेकलं.

आईला फोन केला. म्हणालो, झालं पुरं. ती म्हणाली, "तू काय केलंस रं त्यात?"

"हातांवर बसलो, आई."