चिंधीला मालक नसतो

काशामामा जाधवांनी एक वेळ सोडली तर उभ्या आयुष्यात 'चोरी' हा शब्द तोंडातून काढला नाही. चोरी मात्र मन लावून केली. हे आपलं मी म्हणतो. मामांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं. त्यांच्याकडे त्यासाठी वेगळा शब्द होता, चिंधी.

भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागे आमच्या सेठचा यंत्रमागांचा, म्हणजे लूमचा कारखाना. मी तिथे ऑफिसात, मामा फोल्डिंग खात्यात. लूमवरून उतरलेलं कोरं कापड टेबलावर पसरायचं, डाग किंवा फाट असेल तेवढा भाग कापून काढायचा आणि बाकीच्याची घडी घालायची, हे त्यांचं काम. कापलेला तुकडा मीटरपेक्षा कमी भरला तर ती चिंधी, आणि चिंधी कामगाराने घरी न्यायची, ही सेठच्या वडिलांपासूनची रीत. आता मीटर केवढा, हे मामांच्या मनावर असे. त्यांच्या एका चिंधीत आमच्या गल्लीतल्या बाईचे दोन परकर होत, वर उशीचा अभ्रा निघे.

डागांचं तर नवलच! गल्लीत कोणाची लेक बाळंतपणाला आली, की नेमकं त्याच आठवड्यात सेठच्या कापडावर तेल सांडायचं. थंडी पडली, की बरोबर गोधडीच्या अस्तराएवढी फाट सापडायची. इतकी माणुसकी असलेलं मशीन मी दुसरीकडे पाहिलं नाही.

मी एकदा चिडवलं, "मामा, ही सरळ सरळ..." 

पुढचा शब्द त्यांनी मला बोलूच दिला नाही. "चिंधीला मालक नसतो, भाऊ. आणि ज्याचं गेलेलं त्याला कळत न्हाय, त्याचं गेलेलंच न्हाय."

पण तत्त्वाला माणूस पक्का! चिंधी कधी विकली नाही, गल्लीत वाटली. स्वतःच्या घरात सेठच्या कापडाचा पुसायला फडकासुद्धा नाही. आधी ते चारच लूम असलेल्या एका छोट्या मालकाकडे होते, तिथे खरीखुरी चिंधीही परत ठेवायचे. का, तर म्हणे, "त्या बिचाऱ्याला झोप लागत न्हाय. आपला सेठ घोरतो." ज्याला झोप लागते त्याचं कापावं, असं हे शास्त्र. मोठमोठ्या ग्रंथांत सापडायचं नाही.

घरात मात्र या शास्त्राला कोणी विचारत नव्हतं. सुमनमामी दर पौर्णिमेला विहारात जाणाऱ्या. त्या म्हणायच्या, "रोज पंचशील म्हणता ना? दुसरं शील काय सांगतं? न दिलेलं घेऊ नये."

"मग चिंधी दिलेलीच हाय."

"दिलेली ती मीटरच्या आतली. तुम्ही आणता ती काय? चोरी हाय ती."

"तू चहा टाक," मामा म्हणायचे. तेवढ्यापुरता वाद मिटायचा.

सेठ तरी काय, पुण्यवान माणूस. दर वर्षी कारखान्यात प्रवचन ठेवी. महाराज मेहनतीच्या भाकरीवर बोलत, आणि त्यांच्या डोक्यावरचा पंखा विजेच्या मीटरच्या अलीकडून आणलेल्या वायरवर फिरे. निम्मे लूमही त्याच वायरवर. पण तिला चोरी म्हणायचं नाही हं! तिला 'डायरेक्ट' म्हणायचं. मामांची ती चिंधी, सेठचं ते डायरेक्ट. मराठी भाषा सगळ्यांना सांभाळून घेते.

मग सेठचा मुलगा शिकून आला. आल्या आल्या त्याने गेटवर कॅमेरा बसवला आणि फर्मान काढलं, "आजसे चिंधी भी कंपनी की." चिंधी आता भंगारवाल्याला जाणार. आम्ही हसलो. मामा हसले नाहीत.

त्याच महिन्यात यास्मीन सापडली. ती लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. नवरा सोडून गेलेला, पदरात दोन पोरं, धाकटं तान्हं. तिच्या डब्याच्या पिशवीत वॉचमनला कोऱ्या कापडाची घडी मिळाली. झोळीसाठी मामांनीच दिलेली. तिला केबिनमध्ये आणलं, तेव्हा मी तिथेच होतो. छोटे सेठ म्हणाले, हिचा फोटो सगळ्या कारखानेवाल्यांच्या ग्रुपवर टाकतो. म्हणजे भिवंडीत एकही लूमवाला तिला दारात उभी करणार नव्हता. मोठे सेठ एसीखाली बसून म्हणाले, "हराम का कपड़ा बच्चे को ओढाएगी?" एसीसुद्धा डायरेक्ट.

पोलिसांचं नाव मात्र कोणी काढलं नाही. पोलीस आत आले की मीटर बघणार.

यास्मीन नुसती रडत होती. तेवढ्यात मामा न विचारता आत आले.

"सेठ, वो चिंधी नहीं है. चांगला माल हाय. मी कापला. मी चोरी केली. बाहेर न्यायला तिच्या पिशवीत मीच घातला, तिला पत्ता न्हाय."

चोरी! मामांच्या तोंडून!

यास्मीन म्हणाली, "मामा, आपने तो..."

"तू चुप बैठ."

"देखा पप्पा, मैं बोलता था," छोटे सेठ खूश झाले. ती घडी उलगडून बघायची तसदी कोणी घेतली नाही. मामांचा फोटो निघाला. फोटोआधी त्यांनी केस सारखे केले. संध्याकाळी नोकरी गेली, यास्मीनची राहिली.

लूमवाल्यांची दारं बंद झाली, तेव्हा मामा जवळच्या वळ गावातल्या एका गोदामात वॉचमन लागले. तिथवर तो ग्रुप पोचला नव्हता. डोंगराएवढा माल त्यांच्या भरवशावर. तिथे सुतळीचा तोडाही हलला नाही, कारण त्या मालाला कधी डाग पडत नसे. पुढे छातीचं दुखणं निघालं आणि वर्षाच्या आत मामा गेले. मला फार लागलं ते. अजून लागतं.

त्याआधी एकदा घरी भेटायला गेलो होतो. मामा खाटेवर पडलेले, सुमनमामी उशाशी. मला राहवेना. विचारलं, "मामा, यास्मीनला दिलं ते केवढं होतं हो?"

"अरे, खरीच चिंधी होती ती," मामा हसले. "लूमवरच फाटलेली. मीटरला वीतभर कमी."

मामींनी कपाळाला हात लावला. "बघा! जन्मभर मी चोरी म्हणत होते, तर कबूल केली न्हाय. आणि केली ती कुठली? जी केलीच नव्हती ती!"

मामा जरा वेळ खोकले. मग म्हणाले, "बाकीच्या चिंध्यांपायी कुणी रडत न्हवतं, गं."